दुधी काचेपलीकडचा हिशेब

आमच्या बचत गटाच्या खोलीत एक यंत्र आहे. द्रोण बनवायचं. गेले आठ महिने ते एका जुन्या सुती साडीखाली झाकलेलं होतं. यंत्र बिघडलेलं नव्हतं हं! बटण दाबलं की खटाखट द्रोण पाडायचं. पण शहरातून येणारा तयार माल आमच्यापेक्षा स्वस्त पडतो, मग आमचे द्रोण कोण घेणार? मशीन विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ताई, तुम्ही फक्त बनवा, माल आम्ही परत घेऊ." पहिल्या दोन खेपा घेतल्या, नंतर फोन उचलणंच बंद! बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता हजर.

अकरा जणी आहोत आम्ही. बैठकीत सगळे विषय निघायचे. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाच्या सासूबाईंचा गुडघा. फक्त त्या साडीखालचा विषय निघायचा नाही. "बंद करू या" हे म्हणायचं कुणी? घरचे तर टपूनच बसलेले, "सांगितलं होतं ना!" म्हणायला.

अशात मे महिन्यात माझी भाची चार दिवस राहायला आली. पुण्यात भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रकाश हा तिचा आवडीचा विषय. तिला गटाची खोली दाखवायला नेलं, तर तिने आधी साडीच उचलली. मी सगळी रड सांगितली. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "मावशी, अशीच एक गोष्ट पॅरिसमध्ये घडलीय. फक्त त्यांचं यंत्र द्रोण नव्हतं बनवत, प्रकाशाने हिशेब करत होतं."

मी बी.ए. मराठीवाली. विज्ञान दहावीनंतर सोडलं ते सोडलंच. पण त्या रात्री लसूण सोलता सोलता तिने जे सांगितलं, ते मला समजलं. आणि मला समजलं म्हणजे तुम्हाला समजेलच, मैत्रिणींनो! म्हणून आजचा हा लेख.

सुरुवात तिने आमच्या न्हाणीघराच्या खिडकीपासून केली. त्या खिडकीला दुधी काच आहे.

"मावशी, या काचेतून बाहेरचा पेरू दिसतो का गं?"

"छे! नुसता उजेड दिसतो."

"म्हणजे पेरूच्या झाडाची माहिती काचेत हरवली?"

"हरवलीच की."

"नाही हरवली. मिसळली."

झाडाच्या प्रत्येक पानावरून आलेला प्रकाश काचेत शिरतो, खडबडीत पृष्ठभागावर आपटून सगळीकडे फुटतो आणि दुसऱ्या पानांच्या प्रकाशात मिसळतो. सगळं काही तिथेच असतं, फक्त आपल्या डोळ्यांना ते सोडवून घेता येत नाही. साध्या उजेडाऐवजी लेझरचा प्रकाश सोडला, तर पलीकडे बारीक बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. कुणीतरी रांगोळीची चिमूट भिरकावून द्यावी तशी. बघणाऱ्याला वाटावं, काही अर्थ नाही. पण आतलं चित्र तेच ठेवलं तर नक्षी हुबेहूब तीच येते. चित्र जरासं बदललं, की नक्षीही बदलते.

२०१० साली पॅरिसमधल्या काही संशोधकांनी ही मिसळण नीट मोजून दाखवली. त्यांनी काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा केसाच्या जाडीएवढा थर दिला होता. झिंक ऑक्साइड म्हणजे काय, विचाराल? घामोळ्यांवर आपण ते गुलाबी कॅलामाइन लोशन लावतो ना, त्यातली पांढरी पूड! त्या थरातून कुठला किरण किती प्रमाणात कुठे जातो, याचा त्यांनी तक्ता मांडला. त्या मंडळींत सिल्व्हाँ जिगाँ नावाचे शास्त्रज्ञ होते.

आता खरी गंमत. हा तक्ता म्हणजे नेमकं काय, ते तिने मला मसाल्यावरून समजावलं.

समजा, आपल्या गटाला पाच प्रकारच्या मसाल्यांची ऑर्डर आली. गोडा, कांदा-लसूण, मालवणी, वगैरे. सामान तेच. धणे, मिरची, खोबरं, तीळ असे दहा जिन्नस. प्रमाण मात्र प्रत्येक मसाल्याचं वेगळं. तर प्रत्येक मसाल्याचा खर्च काढायला आपण काय करतो? जिन्नसाचा भाव गुणिले त्याचं प्रमाण, असे दहा गुणाकार करायचे आणि बेरीज मारायची. पाच मसाल्यांचे मिळून पन्नास गुणाकार. संगणकाला चेहरा ओळखायला, भाषांतर करायला, प्रश्नाचं उत्तर द्यायला लावतो, तेव्हा आत बव्हंशी हेच चाललेलं असतं. गुणाकार आणि बेरीज, गुणाकार आणि बेरीज. फक्त जिन्नस दहा नाहीत, लाखो.

आणि दुधी काच हेच काम फुकटात करते! आत गेलेला प्रत्येक ठिपका हा एक जिन्नस. पलीकडचा प्रत्येक ठिपका हा एक मसाला. प्रत्येक जिन्नस प्रत्येक मसाल्यात आपापल्या प्रमाणात पडतो आणि प्रकाश स्वतःच त्याची बेरीज करतो. दहा लाख ठिपके आत आणि दहा लाख बाहेर धरले, तर एक लाख कोटी गुणाकार झाले! किती वेळात? प्रकाशाला तो पातळ थर ओलांडायला लागेल तेवढ्या वेळात. पापणी लवणंसुद्धा त्याच्यापुढे युगासारखं.

"हे हिशेबाला का जुंपू नये?" असा विचार करणारे चार जण पॅरिसमध्ये एकत्र आले. प्रकाशाच्या प्रयोगांतले जिगाँ. भौतिकशास्त्राचं गणित मांडणारे फ्लोराँ क्रझाकाला. पूर्वी आवाजाच्या आणि संगीताच्या शास्त्रावर काम केलेले प्राध्यापक लोराँ दोदे. आणि इंजिनिअर इगोर कारों. प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं. २०१६ साली त्यांनी कंपनी काढली, 'लाइटऑन'. म्हणजे आपल्या भाषेत 'दिवा लागला'!

त्यांचं यंत्र कशाकशाचं होतं हे ऐकून मी तर थक्क झाले. एक लेझर. प्रोजेक्टरमध्ये असतात तसले चिमुकले आरसे. हो, सभागृहात सिनेमा दाखवायचा काही प्रकारचा प्रोजेक्टर असतो, त्याच्या पोटात नखाएवढ्या जागेत लाखो आरसे असतात आणि प्रत्येक आरसा हलवून ठिपका 'चालू' किंवा 'बंद' करता येतो. या आरशांवर माहिती मांडायची. मग तो प्रकाश दुधी थरातून सोडायचा. पलीकडे कॅमेरा लावायचा. झालं! त्याला त्यांनी नाव दिलं ऑप्टिकल प्रोसेसिंग युनिट, ओपीयू.

"पण या नक्षीचा उपयोग काय?" मी विचारलं. "मसाल्याचं प्रमाण तर काचेने ठरवलेलं. आपल्याला काय हवंय ते तिला कुठे ठाऊक?"

भाचीने मला टाळीच दिली. "मावशी, बरोब्बर दुखऱ्या जागी बोट ठेवलंस!"

उपयोग असा की, काच कितीही मिसळू दे, सारखेपणा टिकतो. दोन चित्रं एकमेकांसारखी असली, तर त्यांच्या नक्ष्याही एकमेकींसारख्या. वेगळी असली, तर नक्ष्याही वेगळ्या. म्हणजे ही नक्षी त्या चित्राचा अंगठाच झाली म्हणा ना! मग संगणकाने मूळ चित्र तपासत बसायची गरज नाही, अंगठे जुळवले की भागलं. २०१६ सालीच या मंडळींचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हाताने लिहिलेले ० ते ९ हे आकडे ओळखायची एक प्रसिद्ध परीक्षा आहे. ६०,००० आकडे शिकायला, १०,००० परीक्षेला. प्रकाशाच्या मदतीने आलेला निकाल संगणकाने गणिताने काढलेल्या निकालाच्या अगदी जवळ आला.

आणि दुसरा मोठा फायदा विजेचा. संगणकाच्या चिपमध्ये वीज धावते, ती तापते. मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या कुठल्याही कॉलेजच्या पोराला विचारा. मोठमोठ्या डेटा सेंटरमध्ये तर आधी यंत्रं चालवायला वीज आणि मग ती थंड करायला पुन्हा वीज. २०२४ साली जगातल्या एकूण विजेपैकी साधारण दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी वापरली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब सांगतो. प्रकाश थरातून जातो तेव्हा त्या गुणाकारांना वेगळी वीज लागतच नाही. लागते ती लेझरला, आरशांना, कॅमेऱ्याला. कंपनीने आपल्या यंत्राचा आकडा सांगितला होता सुमारे तीस वॅट. आपल्या घरातली जुनी लांब ट्यूबलाइट चाळीस वॅटची असायची!

२०२१ च्या अखेरीस तर मोठाच मान मिळाला. फ्रान्सचा 'जाँ झे' नावाचा महासंगणक पॅरिसजवळ आहे. तिथल्या एका शिक्षणमंत्र्यांचं नाव त्याला दिलं आहे. (महासंगणकाला शिक्षणमंत्र्याचं नाव! मला फार आवडलं.) त्या महासंगणकाला हे प्रकाशाचं यंत्र प्रयोगादाखल जोडण्यात आलं. जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांपैकी एकाला असं यंत्र प्रथमच जोडलं गेलं होतं.

मी म्हटलं, "वा! म्हणजे गंगेत घोडं न्हालं."

"नाही ना मावशी. खरी गोष्ट तर इथे सुरू होते."

यंत्र चालत होतं. जे सांगितलं होतं ते करत होतं. पण बाजार दुसरीकडे चालला होता.

अडचणी भाचीने बोटांवर मोजून दाखवल्या. पहिली, मघाशी मी विचारली तीच. काचेतलं प्रमाण ठरलेलं असतं, ते आपल्या मर्जीने बदलता येत नाही. आणि यंत्राला 'शिकवायचं' म्हणजे तर हे प्रमाणच पुन्हा पुन्हा बदलत न्यायचं असतं. मीठ जास्त झालं, कमी कर. तिखट कमी पडलं, वाढव. दुसरी अडचण, प्रकाश कितीही वेगवान असला तरी त्याच्यावर माहिती चढवायला आरसे हलवावे लागतात आणि उतरवून घ्यायला कॅमेरा लागतो. एस.टी. जोरात पळते हो, पण फाट्याफाट्यावर थांबायचं, माणसं चढवायची-उतरवायची, त्यात वेळ गेला तर काय उपयोग? तिसरी अडचण स्पर्धेची. नेहमीच्या चिप दरवर्षी जास्त जोरकस होत गेल्या आणि सगळ्यांचं काम त्यांच्यावरच बसलेलं. आपण नाही का, एकदा गॅसची शेगडी हाताखाली बसली की दुसरी चूल कुणी कितीही चांगली दिली तरी अंगणात ठेवतो!

त्यातच २०२० नंतर सगळ्या जगाचं लक्ष माणसासारखी भाषा लिहिणाऱ्या एआयकडे वळलं. ज्याला आता आपली मुलंही निबंध लिहायला सांगतात, तेच.

मग लाइटऑनने काय केलं? प्रकाशाच्या यंत्राला काम मिळावं म्हणून ही मंडळी आधीपासूनच मोठमोठी एआय मॉडेलं अभ्यासत होती. 'आपल्या यंत्रावर याला शिकवता येईल का?' हे तपासत होती. २०२० साली त्यांनी त्यावर शोधनिबंधही लिहिला. यंत्र विकायला म्हणून जे शिकले, तेच आता हाताशी आलं. २०२१ मध्ये त्यांनी फ्रेंच संशोधकांबरोबर 'पान्योल' नावाचं फ्रेंच भाषेचं मॉडेल तयार केलं. २०२३ मध्ये अबुधाबीच्या संस्थेने 'फाल्कन' हे गाजलेलं मॉडेल आणलं, त्यातही यांच्या लोकांचा हात होता. हळूहळू कंपनीचा मुख्य धंदाच भाषेच्या एआयचा झाला. कचेऱ्यांना आपली कागदपत्रं बाहेर न देता शोधता यावीत, त्यांच्यावरून उत्तरं मिळावीत, अशी सॉफ्टवेअर. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये लाइटऑन पॅरिसच्या शेअर बाजारात उतरली, ती या नव्या कामाच्या जोरावर. कंपनीच्या नावात दिवा तसाच राहिला. दुकानात मात्र आता दिवा नव्हे, शब्द!

मी जरा वेळ गप्पच बसले. लसणाची सालं एकीकडे, पाकळ्या एकीकडे.

"मग त्या चौघांना वाईट वाटलं नसेल का गं?"

"ते मला कसं कळणार मावशी? पण एवढं खरं, की प्रकाशाचा अभ्यास वाया गेला असं कुणीच म्हणत नाही." मग तिने दुसरं उदाहरण दिलं. अमेरिकेत बोस्टनला २०१७ साली 'लाइटमॅटर' नावाची कंपनी निघाली. तिनेही प्रकाशाने हिशेब करणारी चिप बनवायला घेतली. २०२४ मध्ये तिची किंमत ४४० कोटी डॉलर धरली गेली, पण ती मुख्यतः कशाच्या जोरावर? एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे माहिती प्रकाशाने पोचवण्याच्या! म्हणजे हिशेबनीस व्हायला निघालेला प्रकाश पोस्टमन म्हणून जास्त चालला. तरी त्यांनी हिशेबाचा नाद सोडला नाही. २०२५ मध्ये 'नेचर' या नामांकित नियतकालिकात त्यांच्या प्रकाशावर चालणाऱ्या प्रोसेसरचा शोधनिबंध आला. त्यावर चित्रं ओळखणारी आणि भाषा समजणारी मॉडेलं चालवून दाखवली होती. तेव्हा प्रकाशाच्या यंत्राची गोष्ट संपलेली नाही. उद्या कुणीतरी तो धागा पुन्हा उचलेल.

भाची पुण्याला गेली. माझ्या डोक्यात मात्र तिचं एकच वाक्य घोळत राहिलं. हरवली नाही, मिसळली.

पुढच्या बैठकीत मी आमच्या बायकांना ही गोष्ट सांगितली. कॅलामाइन लोशनपासून शेअर बाजारापर्यंत! मधेच एक जण म्हणाली, "ताई, एवढी शिकलेली माणसं, त्यांचं यंत्र चाललं तरी विकलं नाही? मग आपलं काय घेऊन बसलात!" सगळ्या हसल्या. त्या हसण्यात आठ महिन्यांचा गाठोडा सुटला बघा.

मी फळ्यावर लिहिलं, 'द्रोणात आपण काय काय शिकलो?' आधी कुणी बोलेना. मग एक म्हणाली, मी माल पोचवायला म्हणून स्कूटी शिकले. दुसरी म्हणाली, बिल करायला शिकले, आता दुकानदार मला फसवू शकत नाही. तिसरी म्हणाली, तालुक्यातल्या सगळ्या मंगल कार्यालयांचे मॅनेजर मला नावानिशी ओळखतात. आणि मग तीच जरा चाचरत म्हणाली, "एक जण दोनदा म्हणाला होता, बाई, द्रोण नकोत, पण लग्नाच्या पोळ्या करून देता का? मला राग आला होता तेव्हा. म्हटलं, आम्ही मशीनवाल्या आहोत, पोळ्या लाटायला नाही आलो!"

खोलीत एकदम शांतता. तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या वहिनी बोलल्या. "तुम्ही सगळ्या शहाण्या आहात. पण त्या यंत्रात माझ्या पाटल्या गेल्यात." गटाने सुरुवातीचे पैसे भरले, तेव्हा त्यांनी खरोखरच पाटल्या गहाण टाकल्या होत्या. घरी कुणाला न सांगता. त्यांच्यापुढे पॅरिसची गोष्ट फार हलकी वाटली मला. शेअर बाजारात उतरलेल्या कंपनीचं ठीक आहे हो, पाठीशी पैसा लावणारी माणसं असतात. आमच्या पाठीशी पाटल्या!

म्हणून आम्ही त्या दिवशी यंत्राचा निर्णय घेतलाच नाही. आधी हिशेब मांडला. हप्ते किती उरले, यंत्र विकलं तर काय येईल, पोळीमागे काय सुटेल, आणि पहिली सुटणारी रक्कम कुठे जाईल. एकमताने ठरलं, पहिले पैसे पाटल्या सोडवायला. ते वहीत लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. मग वहिनींनीच सांगितलं, "विका."

शेजारच्या तालुक्यातल्या एका दुकानदाराने यंत्र नेलं. निम्म्या किमतीत. कर्ज अजून आहे, ते फिटायला दीड वर्ष तरी जाईल. पोळ्यांच्या दोन ऑर्डरी झाल्या. पहिल्या वेळी पोळ्या जरा वातड झाल्या, मॅनेजरने ऐकवलं. दुसऱ्या वेळी बरं म्हणाला. पुढचं पुढे.

यंत्र टेम्पोत चढवलं, तेव्हा आम्ही सगळ्या दारात उभ्या होतो. वहिनींनी खाली पडलेली ती जुनी साडी उचलली, झटकली आणि नीट घडी घातली. ती त्यांचीच होती.

"धुऊन आणते," त्या म्हणाल्या. "सुती आहे. पोळ्या झाकायला लागेल."